जन्मसालापुढची मोकळी जागा

पडलेलं सूचीकार्ड उचलायला ग्रंथालयातली सूचीबाई टेबलाखाली वाकली आणि तिचं डोकं एका अनोळखी डोक्यावर टणकन आपटलं.

"वायर शोधतोय," टेबलाखालून आवाज आला.

"माझ्या पायाशी?"

"वायरींना शिस्त नसते हो."

हा संगणकवाला. ग्रंथालयाची सूची वेबसेवेतून जगाला खुली करायला आलेला. म्हणजे कुठल्याही ग्रंथालयाच्या संगणकानं 'अमुक पुस्तक आहे का?' विचारावं आणि इथल्या संगणकानं परस्पर उत्तर द्यावं. चूक दिसली, तर दुरुस्तीही पाठवता यावी.

चाचणीसाठी एक खोटी नोंद हवी होती. सूचीबाईनं लेखक म्हणून त्यालाच बसवला. पुस्तक: 'न वाचता शहाणे व्हा'.

"जन्मसाल?"

"वय काढून घेताय होय?"

"सूचीला लागतं," ती म्हणाली खरी, पण कान तापले. तिनं साल लिहून पुढे आडवी रेघ टाकली.

"रेघेपुढे काय?"

"हयात लेखकापुढे मोकळी जागा. गेला, की साल भरायचं."

"सावकाश भरा... मला घाई नाही."

सोमवारी सूची खुली झाली. खोटी नोंद काढायची मात्र राहिली. एकमेकांकडे बघण्यातून सवड कुठली!

मंगळवारी दुपारी सूचीबाईनं सूची उघडली. त्या खोट्या नोंदीला दुरुस्ती आली होती. रेघेपुढे चालू साल. पाठवणारं ग्रंथालय: हेच. दुरुस्ती करणारीची आद्याक्षरं: तिचीच. वेळ: गुरुवार, दुपारी तीन वीस.

गुरुवार अजून उजाडायचा होता!

तिनं नोंद पुसली, ती परत आली. बाहेरच्या चाळीस ग्रंथालयांनी त्या नोंदीची नक्कल उतरवून घेतली होती, आणि चाळीसही ठिकाणी तेच साल तिच्याकडे टक लावून बघत होतं.

"कुणीतरी थट्टा केलीय," तो हसला; हसू ओठांवरच अडकलं. "गुरुवारी मी दोनच्या गाडीनं नदीपलीकडच्या ग्रंथालयात—"

"जायचं नाही."

"का?"

"का म्हणजे? ते साल मी भरणार आहे... माझ्या हातानं!"

गुरुवारी तो गेला नाही. तिच्यासमोर बसून त्यानं तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "आता लिहिणार कशानं?"

तीन एकोणीस. पंखा थांबला. कार्डांच्या कपाटाचे खण एकेक करून बाहेर सरकले, सावकाश, श्वास सोडल्यासारखे.

तीन वीस. कीबोर्डच्या कळा आपोआप दबू लागल्या, अगदी तिच्या बोटांच्या लयीत. नोंद उघडली. कर्सर सालापाशी येऊन थांबला, जणू तिची सही मागत होता.

"नाही," ती पडद्याला म्हणाली. "मला हा माणूस हवाय. टक्कल पडलेला, कुरकुरणारा, म्हातारा होईस्तोवर... हवाय."

कर्सर लुकलुकला. मग एकेक आकडा पुसत मागे आला आणि रेघेपाशी थांबला.

"टक्कल पडायलाच हवं का?" तो पुटपुटला.

"हो. हात सोड आता."

"कालपर्यंत मी 'तुम्ही' होतो."

"सोड म्हणते ना!"

"खरंच सोडू?"

तिनंच पकड घट्ट केली. इतक्यात ग्रंथपालकाका आत आले आणि थबकले. "अगं, हे सगळे खण कुणी उघडले?"

दोघांनी एकदमच माना हलवल्या. ते लावून घ्यायला मात्र एकाचाही हात मोकळा नव्हता.