खारकुंडीची श्वासबंदी

नंदुरबारच्या प्रयोगशाळेत डॉ. यमुना खैरनार यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला आणि शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

"तुम्हीच बघा. माझं चुकत असेल तर बरं होईल."

डॉ. इनेस अरांगुरेन स्पेनच्या. सातपुड्यातल्या खारकुंडी गुहेतली चित्रे वाचवण्यासाठी अकरा देशांनी मिळून नेमलेल्या समितीच्या त्या प्रमुख. काचपट्टीवर एका चित्राच्या तांबड्या रंगाचा कण होता. त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"ह्या पेशी आहेत," त्या म्हणाल्या.

"मेलेल्या पेशी. मूळ गेरू हजारो वर्षांपूर्वीच झडून गेला. दगडात मुरलेल्या त्याच्या लोहावर हे तांबडे जिवाणू वाढले. जुने मरायचे, त्यांच्याच जागी नवे यायचे, म्हणून रेष हलली नाही. आपण ज्याला रंग म्हणत होतो, ती एक वस्ती होती."

"आणि ती जगत कशावर होती?"

"ओल आणि कार्बन डायऑक्साइड. दोन्ही माणसाच्या श्वासातून येतं."



नऊ वर्षांपूर्वी समितीने पहिला ठराव केला तो श्वासबंदीचा. पूर्वी दर होळीला आंबापाड्याचे पावरा आदिवासी तीन दिवस गुहेत गात बसत. श्वासाने चित्रे कुजतात, हा युरोपातल्या गुहांचा अनुभव होता. म्हणून गुहेच्या तोंडाला पोलादी दार बसवले आणि आत कोरडा नायट्रोजन भरून 'नत्रकवच' उभे केले. तपासणीला जाणाऱ्यांनीही बंद मुखवटा घालायचा, श्वास नळीतून पाठीवरच्या टाकीत सोडायचा. गावाला हे समजावायला यमुनाबाईच गेल्या होत्या. म्हाताऱ्या खेत्या पावराने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मग होळीला आम्ही बसायचं कुठं, बाई?"

पुढे रंग फिके होत गेले. ते जसे फिके होत, तसे समिती कवच आणखी घट्ट करी.

महिन्याभरात नायट्रोजन बाहेर सोडून दार उघडले. गाणाऱ्यांपैकी तिघेच हयात होते. खेत्यादादांना हाताला धरून आत नेले. त्यांनी भिंतींवरून नजर फिरवली.

"दुसऱ्याच गुहेत आणलं का आम्हाला?"

तरी ते तीन दिवस बसले, गायले. चार महिने वाट पाहून दोनशे बारा आकृत्यांचे नमुने घेतले. दोनशे अकरा मेलेल्या होत्या. दाराजवळचे एक हरण तेवढे जिवंत होते, पहिल्यासारखे तांबडेलाल. तिथला थर जाड असेल, असे आजवरच्या प्रत्येक अहवालात लिहिले होते.

"थर इथेही तेवढाच आहे," इनेस म्हणाल्या. "कवचाला गळती होती का?"

"नाही." यमुनाबाई हरणाकडेच बघत होत्या. "मुखवट्याच्या काचेतून ते नीट दिसायचं नाही. मी छातीभर श्वास रोखून मुखवटा वर करायचे. जवळून बघायचे. मग श्वास तिथेच सुटायचा आणि मुखवटा पुन्हा लावायचे. दर शुक्रवारी."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं. कळवलं नाही. कामावरून काढून टाकाल म्हणून."

इनेसनी खिशातून बंद गुहांची यादी काढली. खारकुंडीचे उदाहरण पुढे ठेवून समितीने अकरा देशांत सव्वीस गुहा बंद केल्या होत्या. त्यांतल्या किती चित्रांचे रंग जिवंत होते, हे कोणी पाहिलेच नव्हते.

त्या बाहेर आल्या. डोंगरउतारावर रेंज मिळाली, तेव्हा त्यांनी यादीतल्या पहिल्या गुहेच्या कार्यालयाला फोन लावला.

"एकच विचारायचं आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमच्याकडे कधी कोणी आत मुखवटा काढला होता का? कोणावर कारवाई होणार नाही. खरं सांगा."

पलीकडच्या तरुण अधिकाऱ्याच्या आवाजात अभिमान होता.

"नाही, मॅडम. आमच्याकडे एकदाही नियम मोडलेला नाही."