घरचं कुणीतरी

बावधनच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात उत्कर्षा शिरली आणि समोरच्याच बाकावर... पियूष! माण गावात सगुणाबाईंच्या भाड्याच्या खोल्यांत तो तिच्या शेजारी राहायचा. दोघांनीही घाईघाईनं मासिकं उघडली.

"झोप लागत नाही मला," शेवटी तीच म्हणाली. "वेडबीड लागलेलं नाहीये."

"मी कुठं विचारलं?" तो गालात हसला.

"मग तुम्ही कशाला—?"

"सांगेन कधीतरी."

त्या 'कधीतरी'नं तिचा पिच्छाच पुरवला. हिंजवडीच्या ऑफिसला तो तिला रोज बाईकवरून सोडायचा, 'तुम्ही'चं 'तू' झालं, तरी उत्तर नाही. एका रविवारी मुळशी धरणाच्या काठी, ओढणी वाऱ्यावर उडत असताना, तो बोलला.

"मी मुलगी म्हणून जन्मलो, उत्कर्षा. डॉक्टर याला जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात. निदान लिहून मिळालं की पुढचे उपचार."

तिनं हळूच विचारलं, "म्हणजे... आजार?"

"कागदावर. आरशात परकंच कुणीतरी दिसतं, तो त्रास मात्र खरा."

"आणि दाढी?"

"येईल, इंजेक्शनं सुरू झाली की."

"मला बिनदाढीचेच आवडतात," ती बोलून गेली, आणि कानापर्यंत लाल झाली.

तो हसला नाही. "डॉक्टर म्हणतात, घरचं कुणीतरी आणा. घरच्यांनी तर माझं नाव टाकलंय. आणि सगुणाबाईंना कळलं, तर खोलीही जाईल."

दोन दिवस ती त्याला टाळत राहिली. नांदेडच्या आईचा चेहरा सारखा डोळ्यांपुढे यायचा. तिसऱ्या सकाळी नळावर सगुणाबाईंनी गाठलंच.

"त्या पोराबरुबर लई फिरत हुतीस. आता न्हाई व्हय? कसा हाय त्यो?"

उत्कर्षानं नळ बंद केला. "चांगलाय, मावशी. खूप चांगलाय." तोंडून शब्द गेले, आणि टाळण्यासारखं काही उरलंच नाही.

त्याच्या पुढच्या भेटीला दवाखान्यात ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"

"शेजारीण—" पियूष घाईनं म्हणाला.

"थांब ना जरा!" तिनं त्याचा हात धरला. "डॉक्टर, आमचं लग्न कायद्यात बसेल का, माहीत नाही. आईला काय सांगायचं, तेही नाही. पण माझं प्रेम आहे याच्यावर. घरचं म्हणून माझंच नाव लिहा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "यांना ठाऊक होतं हे?"

"नाही," ती म्हणाली. "त्यालाही आत्ताच कळतंय."