माशाच्या कानातला खडा

"नुसती डोकी हवीत? मग धडांनी काय पाप केलंय?" मासेवाल्यानं सुरी थांबवून विचारलं... आणि ती संशोधक पोरगी खुदकन हसली. झालं! गडी तिथंच गारद.

तिला हवे होते डोक्यातले खडे. माशाच्या कानात मसुरीच्या डाळीएवढा खडा असतो म्हणे, आणि वाढता वाढता त्यात पाण्यातले क्षार साठतात.

"नदीत वेगळे, समुद्रात वेगळे," ती सांगायची. "खडा तपासला, की मासा कुठं जन्मला, कुठं हिंडला, कधी परतला, सगळं कळतं."

"बाप रे! माणसाच्या कानात नाही ना असलं काही?"

"का हो? कुठंकुठं हिंडून आलात?"

शेजारच्या गाळ्यावरची त्याची आई पदराआड हसायची. हंगाम असाच सरला. तिला इथल्याच प्रयोगशाळेत कायमची नोकरी देऊ केलीय, ही बातमी आईनंच आणली. "आज उत्तर द्यायचंय तिला, नाही म्हणाली तर निघाली ती आपल्या गावी. तोंड उघड की, मेल्या!"

एरवी पोपटासारखा बोलणारा, पण ती समोर आली की नेमकं मनातलं तेवढं सांगायचं राहूनच जायचं! म्हणून आज त्यानं, तिनं डोक्यांतून काढून ठेवायला सांगितलेले राहिलेले खडे चकचकीत करून द्यायचं ठरवलं होतं. कालपासून वाटीत भिजत घातले होते.

ती आली. वाटीत डोकावली. तळाशी नुसता गाळ!

"हे... कशात घातलेत?"

"व्हिनेगरमध्ये. डाग जावेत म्हणून..."

"अहो, खडा म्हणजे चुनाच! आंबटात विरघळतो तो!"

त्याच्या पायाखालची वाळूच सरकली. "तुमचं सगळं काम बुडवलं मी! होडी काढतो, नवे मासे आणतो... पण जाऊ नका हो. तुम्ही गेलात तर... मला नाही करमायचं. अजिबात नाही."

बोलून गेला, आणि स्वतःच दचकला. आईची सुरी हवेतच राहिली.

ती मात्र गालात हसत होती. "माशाला कान किती?"

"दोन."

"प्रत्येक डोक्यातला एकेक खडा मी आधीच नेलाय. कामाला तेवढाच लागतो."

"मग हे दुसरे कशाला मागितलेत?"

"रोज यायला काहीतरी निमित्त नको?" तिची मान खाली गेली. "नोकरीला हो कळवू ना?"

त्याच्या आधी आईच ओरडली, "कळव गं बाई, कळव!"