सात पाहुणे

माणिकराव वानखडे वाशीम डेपोला यष्टीत कंडक्टर होते आणि त्यांचा विश्वास फक्त आकड्यावर. गाडीतली मुंडकी मोजायची, तिकिटांशी ताडून पाहायची, मगच डबल घंटी. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरातले अंगारे-धुपारे बंद. भुताची गोष्ट निघाली की म्हणायचे, "दाखवा मले, पुरं तिकीट फाडतो त्याचं."

अशा माणसाला पोरगी विजयमाला पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत, एका रविवारी दुपारी, आपल्या कॉलेजातल्या चित्रकथांच्या मेळाव्याला घेऊन गेली. पाचच्या गाडीनं दोघं आपल्या गावी, रिठदला परतायची होती.

मेळावा म्हणजे काय, तर चार नंबरच्या वर्गात बाकडी भिंतीला सारलेली, दोरीवर चित्रं टांगलेली आणि पन्नासेक पोरं. निम्मी सोंगं घेऊन आलेली. कोणी राक्षस, कोणी उडता पहिलवान. खळीचा आणि ओल्या रंगाचा वास कोंदला होता. विजूनं पुठ्ठ्याचा मुखवटा चढवला. त्याचे डोळे बशीएवढे, नाक मुगाच्या डाळीएवढं.

"हे डोये हायेत का गाडीचे दिवे?" माणिकराव म्हणाले.

"जपानात असेच काढतात, बाबा. तुमी हसू नका न."

झालं होतं असं, की नागपुरात आलेल्या एका जपानी भंतेजींच्या सामानातलं चित्रकथेचं पुस्तक कॉलेजचे ग्रंथपाल पंजाबराव यांच्या हाती लागलं होतं. त्यातलं अक्षर कोणाला कळत नव्हतं. पोरांनी नुसती चित्रं पाहून गोष्ट बसवली. रिकाम्या घरात मोठ्या डोळ्यांची एक मुलगी बसलेली असते. तिच्याकडे एकेक करून सात पाहुणे येतात, घर भरतं. खेळाचं नाव 'सात पाहुणे'. मुलगी झाली विजू. चौथऱ्यावर मागं टांगलेल्या चादरीवर घर रंगवलं होतं आणि दाराच्या जागी चादर उभी चिरली होती.

चपला चौथऱ्याखाली काढून सात पोरं एकामागून एक पायरीनं वर चढली. माणिकरावांनी सवयीनं मोजली. सात आणि विजू, आठ. टाळ्या झाल्या. छान झालं.

तेवढ्यावर थांबले असते तर! पण पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं, आणि कंडक्टरची नजर कुठं जाणार? पानांच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर.

"पंजाबराव, हे तुमी उलटं वाचलं," ते म्हणाले. "आकडे पाहा. एक नंबरचं पान इकडून, आपल्या शेवटाकडून हाय. घर आधी भरलेलं हाय. मंग एकेक मानूस कमी होत जाते."

पंजाबराव खळखळून हसले. "अरे बाप्पा! कंडक्टर साहेबांनं आमची गाडीच उलटी धरली! चला रे पोट्टेहो, सुलट बी करून टाका!"

विजू मात्र मुखवट्याआडून म्हणाली, "नको, बाबा. गोष्ट मोडते."

"खरं ते खरं, विजू. आकडा खोटं बोलत नाही."

खेळ पुन्हा लागला. सात जणं विजूभोवती बसली. ती एकेकाकडे मान वळवी, आणि तो उठून चादरीच्या चिरेतून आत जाई. सात होते, सहा झाले. पाच.

माणिकरावांचं लक्ष चादरीकडे गेलं. ती भिंतीला चिकटून टांगलेली होती.

चार. तीन. चादर हललीसुद्धा नाही.

एक.

मग विजू एकटी. टाळ्या.

माणिकराव धावत चौथऱ्यावर गेले, चादर वर केली. मागं चुन्याची भिंत, गार.

"पोरं कुठं गेली?"

"कोनती पोरं?" पंजाबराव म्हणाले. "विजयमाला एकटीच तर करते हा खेळ. तिची एकटीची मेहनत हाय, साहेब."

"आत्ता सात जनं..."

"तुमाले ऊन लागलं काय?"

चौथऱ्याखाली चपलांचे आठ जोड होते. विजूनं आपला तेवढा पायात घातला.

माणिकरावांनी तिचा मुखवटा ओढून काढला. आत विजूच होती. तेच कपाळ, तोच गालावरचा तीळ. तिनं त्यांच्याकडे मान वळवली. त्यांना हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटावं याची लाजही वाटली. दुसऱ्यांच्या सात लेकरांचं काहीही झालेलं असो, आपली पोरगी घरी पोचली पाहिजे. त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि पाचची गाडी गाठली.

गाडीवर लालसिंग कंडक्टर होता. दहा वर्षांचा जोडीदार, एका डब्यात जेवलेला. त्यानं विजूला तिकीट दिलं, माणिकरावांच्या खांद्यावरून हात लांबवून. त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"लालसिंग, जय भीम."

लालसिंगनं डबल घंटी मारली.

विजू खिडकीबाहेर बघत होती. तूर कापलेली रानं मागं पळत होती. रिठद येईस्तोवर तिच्या पापण्या लवताना माणिकरावांना दिसल्या नाहीत.

घरी बायको, दुर्गाबाई, अंगणात डाळ पाखडत होती. सूप ठेवून ती उठली आणि पोरीच्या गालावरून हात फिरवला.

"लय उशीर केला, माय."

मग तिला मागं उभे असलेले माणिकराव दिसले. तिनं पदर डोक्यावर ओढला.

"लेकीले घरापोत सोडलं, भाऊ, उपकार झाले तुमचे. आत या म्हटलं असतं. पन आमच्या घरात गडीमानूस नाही."

"दुर्गा," माणिकराव म्हणाले. ते एक पाऊल पुढं आले.

ती घाबरून मागं सरकली. विजूनं तिला हळूच आत घेतलं आणि दार लोटलं. आतून कडी सरकली. मग लेकीचा आवाज आला, अगदी मायेचा.

"आई, आता घरात तू एकटीच हायेस न?"