राणीच्या झाडाखाली

ओस्मारीनो पालथा पडला होता. उजव्या कानामागे डोकं फुटलेलं. हाताभर अंतरावर कास्तान्याचा, म्हणजे ब्राझील नटचा, एक गोळा पडला होता. नारळाएवढा, लाकडासारखा कठीण, आत बिया भरलेला, एका अंगाला रक्त लागलेला.

“झालं,” हवालदार बेल्मीरो टोपी काढत म्हणाला. “दर जानेवारीत असा एखादा तरी जातो. एवढ्या उंचावरून गोळा बसला की संपलंच. अपघात म्हणून लिहून टाकू ना, बाईसाहेब?”

फौजदार इझाल्तीना वर बघत होती. सरळसोट खोड, आणि पार आभाळाला टेकल्यासारखा पसरलेला शेंडा. नजर पोचेल तिथवर गवत, गुरं, काटेरी तारांचं कुंपण. त्या सगळ्या उजाड कुरणात हे एकच झाड उभं होतं. ब्राझीलच्या या आक्रे राज्यात कास्तान्याचं झाड तोडायला बंदी आहे, म्हणून रान जाळलं तरी ही झाडं अशी एकटी मागे उरतात. या झाडाला पंचक्रोशीत नाव होतं, राणी.

ती खाली बसली. बुंध्याशी गुरांना मीठ घालायची लाकडी डोण होती. भोवती शेण, खुरांनी तुडवलेली जमीन. गेला आठवडाभर पाऊस होता, माती लोण्यासारखी मऊ झाली होती. गोळा मात्र त्या मातीवर अलगद ठेवल्यासारखा होता. एवढ्या उंचावरून पडलेला गोळा चिखलात बोटभर तरी रुततो.

“याची पाठीवरची टोपली कुठंय?”

“ही काय. रिकामी आहे.”

“सकाळी घरातून निघालेला माणूस, ऐन वेचणीचे दिवस, आणि दुपारपर्यंत टोपली रिकामी?”

बेल्मीरोने खांदे उडवले. तेवढ्यात कुंपणाकडून गलका झाला. रानात गोळे वेचणारी माणसं येत होती, हातात कोयते. सगळ्यांच्या पुढे ओस्मारीनोची मुलगी दाल्वा. तिने बापाकडे पाहिलं, आणि मग कुरणाचा मुकादम नेस्तोर उभा होता तिकडे वळली.

“मारलंस शेवटी! कुंपण आत सरकवू दिलं नाही म्हणून मारलंस माझ्या बाबांना!”

“तोंड सांभाळ, पोरी. मला तर हा असाच सापडला.”

कोयते वर झाले. इझाल्तीना मधे जाऊन उभी राहिली. “उद्या संध्याकाळपर्यंतचा वेळ द्या मला,” ती म्हणाली. “तोवर याला मी माझ्या कोठडीत ठेवते. पण आज कुणी हात उचलला, तर ओस्मारीनोच्या आधी तुमचीच मढी पुरावी लागतील.”

माणसं थांबली. पण घरी कुणी गेलं नाही. कुंपणापाशीच त्यांनी बैठक मारली.

*

संध्याकाळी, खांबांवर उभं असलेलं ओस्मारीनोचं घर बायकांनी भरलं होतं. चुलीपाशी त्याचा धाकटा भाऊ आबदोराल कॉफी गाळत होता. केस पिकलेले, अंगात शहरी इस्त्रीचा शर्ट, डोळे सुजलेले. महिनाभरापूर्वीच तो पोर्तो व्हेल्योहून गावी परतला होता.

“बसा, बाई. साखर जास्त पडलीय, सांभाळून घ्या.”

“आज भाऊ कधी निघाला?”

“उजाडताच. बैल घेऊन रानातल्या आतल्या वाटेनं गेला, गोळे वेचायला.”

“तुम्ही बरोबर नव्हतात?”

“छे. मी छप्पर शाकारत होतो. इतक्या वर्षांत हात कामातून गेलेत माझे.”

“आणि बैल?”

“आपला आपणच परत आला दुपारी. तेव्हाच काळजात चर्र झालं.”

इझाल्तीनाने कपाला तोंड लावलं. कॉफी खरंच फार गोड होती. “आतल्या वाटेवर गेलेला माणूस कुरणात कसा आला असेल?”

“राणीसाठी, दुसरं काय!” आबदोराल सुस्कारा सोडत म्हणाला. “तुम्हाला नाही कळायचं. ते कुरण म्हणजे तेव्हा रानच होतं, माझ्या वाट्याचं. पावसात आई आम्हाला तिच्याखाली जाऊ द्यायची नाही. गोळ्यांचा असा मारा व्हायचा की वाटावं, वर कुणी राक्षस बसलाय. गेल्या महिन्यात ट्रकमधून येताना लांबून दिसली. शेंडा फुलांनी पिवळा झालेला. डोळे भरून आले माझे.”

“तुमचा वाटा तुम्ही विकलात?”

“तरुण होतो, बाई. शहर बघायचं होतं. मी गेल्यावर घेणाऱ्यांनी तो जाळला. आता असा उलटा विचार करून काय फायदा?”

दाल्वा दारात उभी होती. ती कोरड्या आवाजात म्हणाली, “आजी गेली तेव्हाही तुम्ही शहरच बघत होतात, काका.”

आबदोराल पुन्हा चुलीकडे वळला.

*

सकाळी कोठडीत नेस्तोर भिंतीला पाठ लावून बसला होता. रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता.

“ओस्मारीनोला धमकी दिली होतीस?”

“दिली होती. तोंडावर दिली, चारचौघांत. ज्याला मारायचंय त्याला कुणी चारचौघांत सांगतं का?”

“रागात माणूस काहीही करतो.”

“मग करून त्याला माझ्याच कुरणात ठेवीन? आणि वर सांगत सुटेन की गोळा पडला?” नेस्तोर कडवट हसला. “बाईसाहेब, मी कालपासून घसा फोडून सांगतोय, कुणी ऐकत नाही. ते झाड वांझ आहे हो! नुसतं फुलतं. भोवतालचं रान जळलं त्यानंतर एक गोळा दिला नाही तिनं. माझी माणसं दुपारी तिच्याच सावलीत घोरतात. मिठाची डोण काय उगाच ठेवलीय तिथं? गोळे पडणाऱ्या झाडाखाली कुणी गाय बांधेल?”

इझाल्तीनाने मान हलवली. बुंध्याशी एकही जुनी करवंटी दिसली नव्हती, तेव्हापासून तिला हीच शंका होती. तिचं बालपण दुसऱ्या नदीकाठच्या रानात गेलं होतं. फळतं झाड असलं की खाली उंदरांनी कुरतडलेल्या करवंट्यांचा खच असतो.

बाहेर येताच बेल्मीरो म्हणाला, “म्हणजे खून तर नक्की. कुणीतरी गोळा आणून ठेवला. पण मग रानातल्यांनीच मुकादमाला अडकवलं नसेल कशावरून?”

“अडकवायचं असतं, तर त्याचा चाकू ठेवला असता, त्याची दोरी ठेवली असती. हा गोळा ठेवलाय अपघात दाखवायला. झाड फळतं असं ज्याला मनापासून वाटतं, त्यानंच ठेवलाय.”

“पण माझ्यासारखा ठाण्यातला सोडला, तर असं वाटणारा इथं आहे कोण? रानातलं पोरसुद्धा सांगेल की राणी वांझ आहे.”

इझाल्तीना चालता चालता थबकली. कधीकधी उत्तर सापडावं असं वाटत नाही, तसं तिला झालं.

“सगळ्यांना झाडाखाली बोलाव,” ती म्हणाली. “घरच्यांनाही.”

*

दुपारी आभाळ भरून आलं होतं. राणीखाली माणसं गोळा झाली. एकीकडे रानातली, दुसरीकडे कुरणावरची. मधे डोण. कोयते कुणी खाली ठेवले नव्हते.

“ओस्मारीनो इथं मेला नाही,” इझाल्तीना म्हणाली. “डॉक्टर म्हणतात, घाव कानामागून, आडवा बसलाय. वरून पडणारी वस्तू टाळूवर बसते. त्याला दुसरीकडे मारलं, आणि इथं आणलं.”

“कुणी?” दाल्वाने विचारलं. तिची नजर कोठडीतून आणलेल्या नेस्तोरवर खिळली होती.

इझाल्तीना वाऱ्याची वाट बघत होती. लांब नदीच्या अंगाला झाडं वाकली, गवतातून सळसळत वारा आला आणि राणीच्या शेंड्यात घुसला. वर फांद्या करकरल्या. काहीतरी तडकलं.

आबदोरालने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि तो पळाला. थेट सावलीबाहेर, उघड्यावर.

“व्हा की बाजूला!” तो ओरडला. “दाल्वा, इकडे ये! गोळे पडतील!”

बाकी कुणी जागचं हललं नव्हतं. नेस्तोरची माणसं डोणीला टेकून उभी होती. रानातली माणसं आबदोरालकडे बघत होती, वेड्याकडे बघावं तशी.

वरून एक वाळकी काटकी गवतात पडली. तेवढीच.

“काका,” दाल्वा हळूच म्हणाली, “राणीला फळ येत नाही. मी जन्मल्यापासून आलं नाही.”

आबदोरालचे हात डोक्यावरच राहिले.

“फूल बघून फसलात तुम्ही,” इझाल्तीना म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. “या फुलाला घट्ट झाकण असतं. ते उचलायला दांडगी मधमाशी लागते, आणि ती माशी राहते घनदाट रानात. एवढं उघडं कुरण ओलांडून ती इथवर येत नाही. म्हणून राणी दर वर्षी फुलते आणि सगळं फूल झडून जातं. हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते एकाच माणसाला, रान जळायच्या आधी जो गेला, आणि ज्याच्या डोक्यात अजून जुनी राणी गोळे पाडतेय. गोळा ओस्मारीनोने आतल्या वाटेवर रचलेल्या ढिगातला आहे. बैल आपणच परत आला नाही, आबदोराल. तुम्ही त्याच्यावर भावाला घालून इथं आलात.”

आबदोराल मटकन गवतात बसला.

“मी भांडायला गेलो नव्हतो,” तो म्हणाला. “शहरात माझं कुणी उरलं नाही. म्हटलं, परत येतो, भावाजवळ राहतो. त्याला म्हणालो, मला रानातला थोडा तुकडा दे, झोपडी बांधतो. तो गोळे फोडत होता. मानसुद्धा वर केली नाही. म्हणाला, ‘तुझा वाटा तिकडे उभा आहे की, कुरणात. जा, आपल्या राणीखाली वेच.’ आणि हसला. आईसारखं हसला. ढिगातला गोळा कधी हातात आला ते कळलं नाही.”

“मग त्याला इथं का आणलंस?” नेस्तोरने विचारलं. त्याच्याही आवाजात आता राग उरला नव्हता.

“ढिगापाशी कुणाला पटलं असतं? वेचणारा ढीग मोकळ्यावर रचतो, झाडाखाली नाही. म्हटलं, राणीखाली पटेल. लहानपणापासून हेच ऐकलं होतं, की एक दिवस राणी कुणाचा तरी जीव घेणार.”

बेल्मीरोने त्याला दंडाला धरून उठवलं. माणसांनी वाट करून दिली. कुणी थुंकलं नाही, कुणी शिवी दिली नाही. कोयते एकेक करून खाली आले.

दाल्वा आडवी आली.

“बैलावर घातलंत तेव्हा बाबा गेले होते का?”

आबदोरालने मान फिरवली.

“काका, मी विचारतेय.”

“नाही,” तो म्हणाला. “वाटेत एकदा शुद्धीवर आला. म्हणाला, ‘कुठं नेतोयस रे?’”

“काय सांगितलंत?”

“घरी, म्हणालो.”

“आणि बाबा?”

“बरं, म्हणाला. डोळे मिटले. घराकडची वाट तिथूनच फुटत होती, पोरी. बैल तिकडे वळत होता. मी त्याला ओढून इकडे आणला.”

दाल्वा त्याच्याकडे बघत राहिली. मारेल असं वाटलं. पण ती बाजूला झाली, आणि बेल्मीरो त्याला घेऊन गाडीकडे गेला.

पावसाची सर आली. नेस्तोरने आपल्या माणसांना हाक मारली. रानातली माणसंही पांगली. इझाल्तीना दाल्वाजवळ आली.

“घरी सोडू का तुला?”

“नको,” दाल्वा म्हणाली. “ढीग उघड्यावर पडलाय. आज फोडला नाही, तर उंदीर खातील.”

आणि कुंपणाखालून वाकून ती रानात शिरली.