ओस्तियाचा ओटा

ओस्तियाला लोक आता दगड बघायला येत नसत, दगडांतली माणसं बघायला येत. रोमचं हे जुनं बंदर उजाड होऊन कैक शतकं लोटली. तरी दारापाशी रोज सकाळी रांग लागायची, आणि रांगेतल्या निम्म्या लोकांच्या हातात कुणातरी गेलेल्या माणसाचा फोटो असायचा.

ऋजुताकाकू सावर्डेकरांच्या पर्समध्येही होता. पण आधी त्यांनी गाव पाहून घेतलं. कोल्हापुरात चाळीस वर्षं खानावळ चालवलेली बाई, ती काय नुसती मान डोलवत फिरणार? रंगीत खड्यांनी जमिनीवर काढलेले मासे पाहून "हा बांगडा नव्हे, काढणाऱ्यानं कधी खाल्लेला दिसत नाही" असा निकाल त्यांनी दिला. भटारखान्यातली दगडी जाती बघितली आणि यातून पीठ नव्हे, भरडाच निघायचा, असं ठामपणे सांगितलं.

सोबत डॉ. केतकी गद्रे होती. मूळची नाशिकची, सहा वर्षं इथंच संशोधन करणारी. दुपारी पडक्या कमानीखाली रोमन पद्धतीचं जेवण मिळालं. हरभऱ्याचं कालवण, जाड रोटी, ऑलिव्ह आणि खारवलेल्या माशांचं मुरलेलं पाणी.

"ही सुकटीची चटणीच की," काकू म्हणाल्या. "फक्त तिखट घालायचं राहिलंय."

"काकू, रोमनांना मिरची ठाऊकच नव्हती."

"मग जायचंच होतं त्यांचं साम्राज्य." आणि त्यांनी पर्समधून ठेच्याची डबी काढली. जेवायच्या आधी रोटीचा एक तुकडा मोडून बाजूला ठेवला. सावर्डेकरांच्या खानावळीची ती रीत होती. पहिला घास बाजूला, जो कुणी भुकेला येईल त्याचा.

जेवण झालं आणि काकूंची बडबड थांबली. आता ज्यासाठी आल्या होत्या ते काम उरलं होतं.

उन्हात उभं राहिलं की माणसाची सावली पडते, हे शेंबडं पोरही सांगेल. ती सावली दगडाच्या कणांत मुरून राहते, हे कळायला मात्र एकविसावं शतक अर्धं सरावं लागलं. भिंतीवर वर्षभर टांगलेलं कॅलेंडर काढलं की मागचा रंग वेगळा दिसतो, तसंच हे. फक्त दगड वर्षानुवर्षांच्या सावल्या एकावर एक साठवतो, आणि त्या हलतातसुद्धा. ठरावीक प्रकाशाचा झोत फिरवून त्या बाहेर काढायच्या, याला सावलीवाचन म्हणत. रंग नाही, आवाज नाही, पण माणूस ओळखू येतो.

केतकी त्यांना एका जुन्या खानावळीत घेऊन गेली. रस्त्याकडे तोंड केलेला दगडी ओटा, त्यात रांजण बसवायची गोल भोकं. काकूंनी ओट्यावरून हात फिरवला. उंची अगदी त्यांच्या ओट्याएवढी होती.

"निनाद इथंच बसला होता," त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांपूर्वी निनाद सावर्डेकर एकटेच सहलीला आले होते, कारण खानावळ बंद ठेवायला बायको तयार नव्हती. या ओट्याशी बसून डबा खाताना त्यांचं हृदय थांबलं. त्याआधी त्यांनी कोल्हापूरला एक फोन केला होता. गर्दीची वेळ होती, काकूंनी तो उचलला नाही.

"तो कुठंही जेवायला बसला की फोन ताटावर धरायचा, मला ताट दाखवायला. त्यासाठीच केला असेल तर ठीक. पण छातीत कळ आली म्हणून केला असेल तर? मदत मागायला? बावीस वर्षं हाच घोर लागलाय गं मला."

केतकीनं यंत्र ओट्यापाशी टेकवलं. "काकू, तुम्ही त्यांच्या वारस आहात, कायद्यानं पहिला हक्क तुमचा. पण एक सांगते. झोत एकदा फिरला की दगडातल्या सगळ्या सावल्या एका दमात बाहेर पडतात. यंत्र टिपतं फक्त एक काळ, आपण लावू तो. बाकीच्या कायमच्या जातात."

"जाऊ देत की. कोण आहे त्यात?"

"एक बाई. वरवरच्या चाचपणीत तिची नुसती कड कळलीय. दोन हजार वर्षांपूर्वी पंचवीस-तीस वर्षं रोज इथं उभी होती, रांजणावर वाकून. सम्राट, सरदार सगळे सापडले आम्हाला. रांधणारी बाई एकही नाही. असे अडतीस ओटे होते, सदतीस वारसांनी वाचून घेतले. हा शेवटचा."

काकूंनी ओट्याची कड पाहिली. पोट टेकून टेकून झिजलेली. त्यांच्या ओट्याचीही तिथंच झिजली होती. त्या बाईला कंबरदुखी असणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. डोळे भरून आले, आणि कुणासाठी ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

"निनादवर लाव," त्या म्हणाल्या.

झोत फिरला. पडद्यावर एक ढेरपोट्या सावली ओट्याशी बसली. तिनं डबा उघडला, फोन काढला आणि डब्यावर आडवा धरला. बराच वेळ धरला. मग फोन खाली ठेवून रोटीचा तुकडा मोडला, बाजूला ठेवला आणि जेवायला लागली. चौथ्या घासाला मान हळूच झुकली, आणि पडदा रिकामा झाला.

काकू हुंदके देऊन रडल्या. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी पाठ सरळ केली. "डबाच दाखवत होता. सुटले मी, पोरी."

केतकी यंत्राच्या वायर गुंडाळत होती. "बरं झालं, काकू," ती म्हणाली. तिचे डोळे ओट्यावर होते.

"तुला वाईट वाटलं, कळतं मला. पण परत विचारलंस तरी मी हेच सांगेन."

"सगळेच तसं सांगतात. पुढच्या वर्षी सावलीवाचन आपल्याकडंही सुरू होतंय. पहिलं केंद्र कोल्हापूरलाच आहे."

काकू थबकल्या. मग त्यांनी फोन काढून लेकीला लावला. तिकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"आई, गिऱ्हाईक आहे, पटकन बोल."

"ईश्वरी, नीट ऐक. आपल्या ओट्याशी चाळीस वर्षं मी उभी राहिलेय. समोर बसून हजारो लोक जेवून गेले. उद्या त्यांची माणसं ओटा वाचायला मागतील."

"मग?"

"द्यायचा नाही. कुणी कितीही रडत आलं तरी द्यायचा नाही."