कानाला भेटायला निघालेला खांदा

मासे-चिप्सच्या दुकानाबाहेर रांग होती, वरून भुरभुर पाऊस पडत होता, आणि हेटी रिग्लीच्या मागे उभा असलेला माणूस तिच्या पाठीकडे बघत होता. अगदी निरखून... हेटीला ते मानेवर जाणवलं.

"काही हरवलंय का तुमचं?" ती गर्रकन वळली.

"नाही... माफ करा." तो गोरामोरा झाला. "तुमचा उजवा खांदा — तो कानाला भेटायला निघालाय."

"आणि तुमचं नाक माझ्या खांद्याला! बोलण्यावरून दक्षिणेकडचे दिसता. तिकडे बायकांशी असंच बोलतात वाटतं?"

"तिकडे बायका वळून बघतसुद्धा नाहीत. म्हणून तर इकडे आलो."

हेटीने हसू दाबलं, चिप्सवर भरपूर व्हिनेगर मारून घेतलं आणि ती तरातरा उतार उतरून गेली. असल्या आगाऊ माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात बघावं लागलं.

हेटी हार्टशॉ गावच्या पितळी बँडमध्ये मुख्य कॉर्नेट, म्हणजे आखूड तुतारी, वाजवायची. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या व्हिट शुक्रवारी, स्पर्धेसाठी, त्या डोंगराळ भागातले सगळे बँड बसने गावोगावी वाजवत फिरतात, आणि पडदे ओढलेल्या गाडीत बसलेला परीक्षक, समोर कोण आहे ते न बघता, नुसत्या कानांनी गुण देतो. गेल्या खेपेला हेटीने एकटीने वाजवायच्या तुकड्यात तिचा श्वास अडकला आणि सूर फाटला. अख्ख्या रस्त्याने ऐकलं! तेव्हापासून कॉर्नेट ओठाला लावली की तिचे हात थरथरायचे, छाती आवळून यायची. डॉक्टरीणबाईंनी तिला समुपदेशकाकडे धाडलं, तिथे बोलून बरंच हलकं वाटलं. "पण बरगड्याही आखडल्यात," बाई म्हणाल्या, "जोडीला ऑस्टिओपॅथकडे जाऊन ये. हातांनी मोकळं करतात ते."

दवाखान्याचं दार उघडलं तर समोर तोच. नाव जोएल थॉर्प.

"आला का खांदा?"

"कानाला भेटून आला," हेटी म्हणाली.

पण कामाला लागल्यावर तो वेगळाच होता. "एक आधीच सांगतो," तो म्हणाला. "भीती मला दाबून काढता येत नाही. तुमचं ते बोलणं चालूच ठेवा. मी फक्त श्वासाला जागा करून देतो."

त्याचे हात उबदार होते आणि त्यांना घाई नव्हती. "श्वास घ्या... सोडा... अहो, सोडा म्हणतोय! साठवून कुठे नेणार आहात?" हेटी हसायची, आणि हसता हसता पाठीत काहीतरी सैल व्हायचं. मंगळवार कधी येतो याची ती वाट बघू लागली. त्याच्या आवडीचं आल्याचं बिस्किट पर्समध्ये राहू लागलं.

आणि एका मंगळवारी, तिच्याकडे न बघता, तो म्हणाला, "पुढच्या वेळेपासून तुम्हाला इथल्याच मिसेस अ‍ॅश्टन बघतील."

"का? माझं काही चुकलं?"

"नाही, नाही... त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

एवढंच! हेटीला भयंकर राग आला, आणि रागाखाली रडू. आपण याच्याही हाताबाहेरची केस, असं ती धरून चालली. मिसेस अ‍ॅश्टनचा हात खरोखरच चांगला होता, हिवाळा सरेपर्यंत छाती बरीच मोकळी झाली. जिन्यात जोएल भेटला की मात्र हेटी भिंतीवरचं घड्याळ बघायची.

वसंतात नवंच झेंगट उभं राहिलं. बँडचा मोठा ड्रम वाहणाऱ्या म्हाताऱ्या अल्बर्टची कंबर धरली आणि जोएलने त्याला ड्रम उचलायची बंदी केली. अल्बर्ट बँडच्या खोलीत येऊन कडाडला, "मी त्याला म्हटलं, बाबा रे, बंदी तू केलीस ना? मग ड्रमही तूच वाहा!"

आणि तो गाढव खरंच आला. पट्टे करकचून बांधून, ड्रममागे निम्मा झाकलेला. त्याची जागा नेमकी हेटीच्या मागे.

व्हिट शुक्रवारी ऊन पडलं होतं. हेटीने मनाशी पक्कं केलं होतं, आज सूर फाटला तर कॉर्नेट पेटीत आणि पेटी माळ्यावर, कायमची. गेल्या वर्षीच्याच रस्त्यावर, गेल्या वर्षीसारख्याच पडदे ओढलेल्या गाडीसमोर बँड थांबला. लोक गप्प झाले. हेटीने कॉर्नेट उचलली आणि तिचा उजवा खांदा वर सरकू लागला...

मागून अगदी हळू आवाज आला, "हेटी. खांदा निघाला कानाकडे."

तिला फिसकन हसू आलं. खांदा खाली आला आणि त्याच क्षणी बँड सुरू झाला.

तिचा तुकडा जवळ आला तेव्हा भीती पुन्हा वर चढली. आता मागून कुणी बोलणार नव्हतं, ड्रमही थांबला होता. हेटीने स्वतःच खांदे सोडले. श्वास पोटापर्यंत गेला, बरगड्या दोन्हीकडे उघडल्या, आणि कॉर्नेटचा सूर त्या दगडी घरांवरून लख्ख वर चढला. जिथे फाटला होता तिथेच तिने तो मुद्दाम जरा जास्त धरून ठेवला. अल्बर्टने टोपी हवेत फेकली.

त्या गावचं उत्कृष्ट कॉर्नेटचं बक्षीस कर्ण्यावरून जाहीर झालं: हार्टशॉ! आरडाओरडा, मिठ्या, सांडलेली बिअर... त्या गर्दीतून वाट काढत हेटी ड्रमसमोर येऊन उभी राहिली.

"मला का सोडलंस?" तिने सरळच विचारलं.

जोएलचे कान लाल झाले. "पेशंटच्या प्रेमात पडायची आम्हाला बंदी असते... आणि मी पडलो होतो. म्हणून तुला मिसेस अ‍ॅश्टनकडे दिलं."

"आणि नंतर तोंडाला कुलूप?"

"त्यांचे उपचार चालू होते ना! तुझं बरं होणं महत्त्वाचं. संपले की विचारणार होतो."

"अरे, ते हिवाळ्यातच संपले!"

"काय?" तो किंचाळलाच. "त्या मला बोलल्या नाहीत!"

"पेशंटचं कुणाला सांगायचं नसतं म्हणे," हेटी म्हणाली. "मग? आता विचार की."

"हेटी रिग्ली, मी तुझ्यावर... थांब, हा ड्रम मध्ये येतोय."

"येऊ दे. मीही तुझ्यावरच," हेटी म्हणाली आणि तिने ड्रम दोन्ही हातांनी बाजूला ढकलून, टाचा उंचावून त्याचं चुंबन घेतलं. पितळी बँडने एकदम टाळ्या पिटल्या.

"पोरांनो!" अल्बर्ट बसच्या दारातून ओरडला. "पुढचं गाव वाट बघतंय! ते नंतर!"

जोएल वळायला गेला आणि जागच्या जागी वाकला. "आई गं... पाठ धरली!"

"उद्या मिसेस अ‍ॅश्टनकडे जा," हेटीने त्याच्या खांद्यावरचे पट्टे सोडले आणि ड्रम स्वतःच्या गळ्यात अडकवला. "मी नाही बघणार. मला बंदी आहे."